घरकर्ज आणि घरखर्च
हप्ता पगारातून नव्हे, शिलकेतून ठरवावा

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा माणूस बहुधा आयुष्याच्या उत्तरार्धात असे. नोकरीत साठविलेला भविष्य निर्वाह निधी, थोडेफार दागिने, गावाकडील जमिनीच्या उत्पन्नातील वाटा अशी पुंजी एकत्र करून निवृत्तीच्या सुमारास घराचा पाया घातला जाई. गेल्या अर्धशतकात हा क्रम उलटला आहे. १९७० साली गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ म्हणजे ‘हुडको’ स्थापन झाले. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने मुंबईत गृहकर्ज देणारी स्वतंत्र वित्तसंस्था उभी राहिली आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक अस्तित्वात आली. आज मध्यमवर्गीय कुटुंब तिशी-पस्तिशीतच घर घेते आणि त्याची किंमत पुढील पंधरा-वीस वर्षे फेडत राहते. पूर्वी आधी बचत आणि मग घर असे. आता आधी घर आणि मग फेड असते.

हा बदल स्वागतार्हच आहे, कारण त्यामुळे ऐन उमेदीच्या वर्षांत, मुले लहान असताना हक्काचे छप्पर मिळते. परंतु पूर्वीच्या क्रमात एक संरक्षण आपोआप मिळत असे. जेवढी पुंजी तेवढेच घर होई. आजच्या क्रमात ही मर्यादा कोणीतरी जाणीवपूर्वक घालून घ्यावी लागते. ती बँक घालील अशी अनेकांची समजूत असते. बँक मर्यादा घालते हे खरे. पण ती बँकेच्या सुरक्षिततेची मर्यादा असते, कुटुंबाच्या स्वास्थ्याची नव्हे. या दोन मर्यादांमधील अंतर ध्यानात न घेतल्याने अनेक सुशिक्षित, नियमित वेतन असलेली कुटुंबेही अडचणीत येतात.

दोन वेगळे आकडे

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शिक्षकाचे कुटुंब घेऊ. वय ३६, पत्नी, दोन मुले आणि गावी आईवडील. निवृत्तिवेतनाचे अंशदान, गटविमा, व्यवसाय कर आदी कपाती होऊन दरमहा ७०,००० रुपये हाती येतात, असे समजू. त्यांचा महिन्याचा खर्च पुढीलप्रमाणे आहे :

किराणा, दूध, भाजी, गॅस — १६,०००
घरभाडे — ९,०००
पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता — ६,५००
पतसंस्थेची वर्गणी — १,५००
मुलांचे शिक्षण — ७,५००
आईवडिलांसाठी — ५,०००
पेट्रोल व प्रवास — ४,०००
औषधोपचार व आरोग्य विमा — ४,०००
वीज, दूरध्वनी इत्यादी — ३,०००
सणवार, कपडे, लग्नकार्ये यांचा मासिक वाटा — ६,०००

ही बेरीज ६२,५०० रुपये होते आणि शिल्लक ७,५०० रुपये राहते.

आता बँकेचा हिशेब पाहू. कर्जाचे सर्व हप्ते मिळून निव्वळ वेतनाच्या साधारण निम्म्यापर्यंत जाण्यास बँकेची हरकत नसते. निम्मे वेतन ३५,००० रुपये. त्यातून पतसंस्थेच्या कपातीचे ८,००० रुपये वजा केले तरी २७,००० रुपयांचा हप्ता बसतो. हिशेबाच्या सोयीसाठी व्याजाचा दर ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर या हप्त्यावर ३० लाख रुपयांचे कर्ज मिळू शकते.

घराचा हिशेब निराळा आहे. स्वतःच्या घरात गेल्यावर भाड्याचे ९,००० रुपये वाचतील; त्यात शिल्लक ७,५०० मिळविले की १६,५०० रुपये होतात. पण नव्या घराबरोबर देखभाल वर्गणी, घरपट्टी, पाणीपट्टी हे खर्च येतात. त्यासाठी महिना २,५०० रुपये बाजूला काढावे लागतील. कर्जापुरते विमाछत्र आणि अडीनडीची तजवीज यांसाठी आणखी २,००० रुपये हवेत. उरले १२,००० रुपये. एवढ्या हप्त्यात त्याच दराने व मुदतीने सुमारे १३ लाख ३३ हजार रुपयांचेच कर्ज फिटते.

बँकेचा आकडा ३० लाख, घराचा आकडा १३ लाख. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. बँकेने पगार पाहिला, घराने शिल्लक पाहिली. जो पगाराच्या आकड्यावर विसंबून सही करतो, त्याला फरकाची रक्कम दरमहा कोठून तरी आणावी लागते. ती मुलांच्या शिक्षणातून येते, आईवडिलांच्या औषधातून येते किंवा नव्या उसनवारीतून येते.

दोन वर्षांचा विलंब तोट्याचा नाही

मग या कुटुंबाने घराचा विचार सोडून द्यावा काय? मुळीच नाही. पतसंस्थेचे कर्ज दोन वर्षांत फिटणार असेल, तर तोवर थांबणे हा उत्तम मार्ग होय. ते फिटताच ६,५०० रुपये मोकळे होतात आणि हप्त्याची ताकद १८,५०० रुपयांवर जाते. म्हणजे २० लाखांचे कर्ज, ज्याचा हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो, ते ऐपतीत येते. दरम्यानची दोन वर्षे महिना ७,५०० रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर १ लाख ८० हजार रुपये आणि त्यावरील व्याज हाती राहते. वयाच्या ३८व्या वर्षी घेतलेले २० वर्षांचे कर्ज ५८व्या वर्षी संपते, आणि हेच राज्यातील बहुसंख्य शासकीय कर्मचारी व शिक्षकांच्या निवृत्तीचे वय आहे. कर्जाची मुदत याच्या पलीकडे जाऊ देऊ नये. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढण्याची सोय होती. त्यानंतर अंशदायी निवृत्तिवेतन योजनेत आलेल्यांना तो आधार पूर्वीसारखा राहिलेला नाही. म्हणून निवृत्तीनंतरचे हप्ते त्यांना अधिक जड जातील.

या प्रतीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. घर घेण्यापूर्वी किमान सहा महिने हप्त्याचा सराव करावा. नियोजित हप्ता व नव्या घराचा वाढीव खर्च यांच्या बेरजेतून सध्याचे भाडे वजा करावे आणि उरलेली रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकावी. सहा महिने उसनवारी न करता संसार चालला, तर हप्ता झेपेल असे समजण्यास हरकत नाही. तिसऱ्या महिन्यातच त्या खात्याला हात लावावा लागला, तर घराचा आकार, ठिकाण किंवा वेळ यांपैकी काहीतरी बदलले पाहिजे. हा धडा कर्ज घेण्यापूर्वी फुकट मिळतो. नंतर तो फार महाग पडतो.

किमतीत न दिसणारा खर्च

घराची जाहिरातीतील किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांत बरेच अंतर असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम कर्जाऊ देता येते. त्याहून मोठ्या कर्जात हे प्रमाण कमी होते. मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क हे खर्च १० लाखांहून अधिक किमतीच्या घराबाबत या किमतीत धरले जात नाहीत. ते पदरचेच करावे लागतात.

२४ लाखांच्या सदनिकेवर ६ टक्के मुद्रांक शुल्क धरले तर १ लाख ४४ हजार आणि १ टक्का नोंदणी शुल्काचे २४ हजार होतात. वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क, वीजमीटर, खिडक्यांच्या जाळ्या, सामानाची ने-आण हे धरून हा आकडा बघता बघता अडीच लाखांवर जातो. २० लाखांच्या कर्जाखेरीज घरकिमतीचे उरलेले ४ लाख आणि हे अडीच लाख असे साडेसहा लाख रुपये जवळ असल्याशिवाय व्यवहारात उतरू नये. राज्यात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे होणाऱ्या निवासी घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात ती २४ हजार रुपये होते. ही सवलत केवळ बचत म्हणून पाहू नये. घराच्या कागदावर गृहिणीचे नाव येणे ही तिच्या व मुलांच्या भवितव्याचीही तरतूद आहे.

बांधकाम चालू असलेले घर घेणाऱ्यावर दुहेरी भार पडतो. ताबा मिळेपर्यंत भाडेही द्यावे लागते आणि उचललेल्या रकमेवरील व्याजही. शिवाय अशा घरावर वस्तू व सेवा कर असतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर तो नसतो. म्हणून घर महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील आहे ना, हे आधी पाहावे. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हा अधिकार माहीत नसल्यामुळे अनेक जण साध्या पावतीवर मोठी रक्कम देऊन बसतात.

व्याज आधी, मुद्दल मागाहून

२० लाखांच्या कर्जाचा १७,९९५ रुपयांचा पहिला हप्ता भरला की त्यातील १५,००० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल अवघे २,९९५ रुपयांनी कमी होते. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत उलटली तरी १४ लाख २० हजार रुपये देणे उरलेले असते. २० वर्षांत एकंदर ४३ लाखांहून अधिक रुपये भरले जातात. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक केवळ व्याज असते.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र त्यातून एक सोपा उपाय निघतो. पहिल्या महिन्यापासून हप्त्याखेरीज दरमहा २,००० रुपये जास्तीचे मुद्दलात भरले, तर हेच कर्ज २० वर्षांऐवजी सुमारे साडेपंधरा वर्षांत फिटते आणि सुमारे ६ लाख रुपयांचे व्याज वाचते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली आहे. वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्त्याची थकबाकी, सेवांतर्गत लाभाची रक्कम यांतील काही भाग मुद्दलाकडे वळविण्याची सवय प्रारंभीच्या वर्षांत लावून घ्यावी, कारण लवकर भरलेला रुपया सर्वांत जास्त व्याज वाचवितो.

घर नव्हे, घराभोवतीची हौस

अनुभव असा आहे की, पुष्कळदा कुटुंब घराच्या हप्त्याने अडचणीत येत नाही. घराभोवती गोळा झालेल्या लहान हप्त्यांनी येते. चाव्या हाती आल्या की मन मोठे होते. जुनी लाकडी मांडणी नव्या ओट्याला शोभत नाही. नव्या भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच हवासा वाटतो. शेजाऱ्याच्या छताला नक्षी आहे, मग आपले छत उघडे कसे ठेवायचे? वास्तुशांतीला चार माणसे बोलवायची तर जेवण साधे कसे चालेल? प्रत्येक गोष्ट तिच्या जागी रास्त असते. बेरीज मात्र रास्त राहत नाही.

या सर्वांसाठी ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्के व्याजाने तीन वर्षांकरिता घेतले, तर त्याचा हप्ता सुमारे १०,१०० रुपये येतो. म्हणजे २० लाखांच्या घराला महिना १८ हजार आणि ३ लाखांच्या सजावटीला महिना १० हजार! गृहकर्जाचा भार वीस वर्षांवर पसरलेला असतो. सजावटीचा भार तीन वर्षांत एकवटतो, आणि तोही मुद्रांक शुल्क व घरबदल यांनी हात रिकामे झालेल्या नेमक्या त्या वर्षांत. वर १८,५०० रुपयांत काटेकोर बसविलेला हप्ता येथे कोलमडतो.

दुकानातील ‘बिनव्याजी’ हप्त्यांच्या बाबतीतही सावध राहिले पाहिजे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, ते व्याज अन्य रूपाने वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे कळविले होते. रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क वेगळे पडते. क्रेडिट कार्डावरील थकीत रकमेचे व्याज तर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गृहकर्जाच्या चौपट असते.

याचा अर्थ हौस करूच नये असा नव्हे. घर सजवावे, परंतु खोलीखोलीने, वर्षावर्षाने आणि रोखीने सजवावे. पहिल्या वर्षी पाणी, वीज, दारे-खिडक्या आणि स्वयंपाकघराची आवश्यक सोय. दुसऱ्या वर्षी कपाटे. पुढे ज्याची त्याची हौस. जुने सामान नव्या घरात आणण्यात कमीपणा नाही. ताबा मिळाल्यापासून दोन वर्षे दुसरे कोणतेही कर्ज घ्यावयाचे नाही, एवढा एकच नेम कुटुंबाने पाळला तरी बहुतेक अरिष्टे टळतात.

शिक्षक व कर्मचारीवर्गाने जामीनकीचाही विचार केला पाहिजे. पतसंस्थेत सहकाऱ्यांनी एकमेकांना जामीन राहण्याची रीत आहे, आणि तिच्यामुळे अनेकांच्या गरजा भागल्या आहेत. परंतु कर्जदाराने हप्ते थकविल्यास वसुली जामीनदाराच्या वेतनातून होऊ शकते. गृहकर्ज घेतलेल्याने आपली सही ही आपलीच एक संभाव्य कपात आहे असे समजावे.

दर वाढला तर

आजची बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडण्यात आली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. २० लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेणाऱ्याचा हप्ता सुमारे १५,५०० रुपये असतो. दर ९.५ टक्के झाला की महिन्याचे नुसते व्याजच १५,८०० रुपयांवर जाते. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही. मूळ मुदत राखायची तर हप्ता सुमारे ३,१०० रुपयांनी वाढवावा लागतो.

अशा वेळी बँकेने परस्पर मुदत लांबवीत राहू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्देश दिले. त्यानुसार दर बदलताना हप्ता वाढविणे, मुदत वाढविणे अथवा दोहोंचा मेळ घालणे हे पर्याय कर्जदारापुढे ठेवले पाहिजेत. बँकेचे असे पत्र आल्यास ते फायलीत न टाकता उत्तर द्यावे. निदान सहा हप्त्यांइतकी रक्कम ठेवीत असावी. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई होऊ शकते. अडचण आल्यास पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच शाखाधिकाऱ्यास भेटावे. त्या वेळी निघणारा मार्ग नोटीस आल्यावर निघेलच असे नाही.

करसवलतीच्या भरवशावरही कर्ज वाढवू नये. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. आपण कोणत्या पद्धतीत आहोत, हे पाहूनच हिशेब मांडावा.

घरकुलालाही हाच नियम

हा प्रश्न शहरी सदनिकांपुरता नाही. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तीत सपाट प्रदेशातील घरकुलास १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले. अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. लाभार्थी उत्साहाने पाया दुप्पट घेतो, पहिला पैसा जोत्यातच संपतो, आणि भिंती छज्जापर्यंत येऊन थांबतात. मग छपरासाठी खाजगी सावकाराकडे जावे लागते. ज्या घराने कुटुंबाला आधार द्यावयाचा, तेच घर त्याला कर्जात लोटते. पाया आखण्यापूर्वी ग्रामपंचायत सदस्याने व अभियंत्याने लाभार्थ्याजवळ बसून छपरापर्यंतचा हिशेब करून दिला, तर ही वेळ येणार नाही. प्रथम एवढेच घर पूर्ण करावे आणि पुढे वाढविता येईल अशी जागा सोडावी, हा सल्ला त्याला वेळीच मिळाला पाहिजे.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यामुळे गावातील घर तारण ठेवून औपचारिक कर्ज मिळणे सुलभ होईल. सावकाराच्या जागी बँक येणे ही इष्ट गोष्ट आहे. पण मिळकत पत्रिका हाती येताच ती कोणत्याही कारणासाठी गहाण टाकण्याचा मोह टाळावा, हेही गावकऱ्यांना सांगितले गेले पाहिजे.

घरातील सभा

अंदाजपत्रक म्हटले की शासनाचे किंवा ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक डोळ्यांसमोर येते. जे शिक्षक, अधिकारी व सदस्य ते काटेकोरपणे मांडतात आणि तपासतात, त्यांनी तीच शिस्त घरी आणावी. एका साध्या वहीत सहा महिन्यांचा खर्च लिहावा. घर घेण्याचा निर्णय एकट्या कर्त्या माणसाने न करता पत्नीसह आणि जाणत्या मुलांसह करावा, कारण किराणा, फी आणि औषधे यांचे खरे आकडे पगारपत्रकात नसतात, ते घर चालविणाऱ्या स्त्रीला ठाऊक असतात. पुढील पाच वर्षांत येणारे मोठे खर्च, जसे मुलांचे उच्च शिक्षण, बहिणीचे लग्न, वडिलांची शस्त्रक्रिया, त्या वहीत आधीच लिहून ठेवावेत. शाळेत चक्रवाढ व्याज शिकविताना गृहकर्जाच्या हप्त्याचे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविले, तर तो धडा मुलांमार्फत घरोघर पोहोचेल.

कर्ज संपूर्ण फिटल्यानंतर ३० दिवसांच्या आत घराचे मूळ दस्तऐवज परत करणे आणि विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे. ते कागद हाती येण्याचा दिवस हाच खरा गृहप्रवेशाचा दिवस होय. तोवरची वर्षे कुटुंबाने ताठ मानेने आणि समाधानाने काढली पाहिजेत, आणि ते घराच्या चौरस फुटांपेक्षा पहिल्या दिवशी मांडलेल्या हिशेबावर अधिक अवलंबून असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपल्याकडे म्हणतात. घराच्या बाबतीत अंथरूण म्हणजे पगार नव्हे; महिनाअखेरीस हाती उरणारी शिल्लक होय.